इन्स्ट्रक्शनल डिझाइनचा कॅपस्टोन प्रकल्प: विषयनिवडीपासून व्हायव्हापर्यंत

इन्स्ट्रक्शनल डिझाइनच्या पदविकेत किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमात शेवटच्या सत्राला कॅपस्टोन प्रकल्प असतो. त्यात विद्यार्थ्याने एका खऱ्या गरजेवर छोटा पण पूर्ण शिक्षणक्रम उभा करायचा असतो. गरज शोधणे, उद्दिष्टे लिहिणे, स्टोरीबोर्ड, प्रत्यक्ष साहित्य, शिकणाऱ्यांबरोबर चाचणी आणि मूल्यमापन हे टप्पे आधीच्या सत्रांत सुटे सुटे शिकून झालेले असतात. कॅपस्टोनमध्ये ते पहिल्यांदाच एकमेकांत अडकतात. उद्दिष्ट ढिले लिहिले की प्रश्न ढिला होतो, प्रश्न ढिला झाला की चाचणीतून काही कळत नाही, आणि मग अहवालाच्या शेवटच्या प्रकरणात लिहायला काही उरत नाही.

परीक्षक पडद्यावरचे साहित्य पाहतो, पण गुण देताना त्यामागचे निर्णय शोधत असतो. हाच विषय का घेतला, याच लोकांसाठी का, व्हिडिओ कशासाठी, छापील कार्डाने भागले नसते का, हा प्रश्न नेमका इथेच का विचारला. म्हणून पहिल्या दिवसापासून एक निर्णयवही ठेवावी. तारीख, काय ठरले, कोणते पर्याय सोडले आणि कशाच्या आधारावर, एवढे चार रकाने पुरतात. चार महिन्यांनी आठवणीतून कारणे जुळवत बसले की ती बनवलेली वाटतात. वहीतून उतरवलेली कारणे तशी वाटत नाहीत, आणि अहवालाचा मोठा भाग त्या वहीतूनच तयार मिळतो.

विषय किती लहान असावा

बहुतेक विद्यार्थी सुरुवातीला ‘आर्थिक साक्षरता’, ‘सायबर सुरक्षा’, ‘नवजात बालकाची काळजी’ असे विषय घेऊन गाईडकडे जातात. ही पुस्तकांची नावे झाली. प्रकल्पाला एक काम लागते. ते काम एक माणूस ठरावीक ठिकाणी करतो आणि ते नीट झाले की नाही, हे दुसऱ्याला पाहून सांगता येते.

नवजात बालकाची काळजी हेच उदाहरण घेऊ. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 मध्ये सुरू झाले आणि त्यातून गावोगावी आशा कार्यकर्त्या आल्या. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर आशाताई बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. प्रत्येक भेटीत वजन, ताप, स्तनपान, नाळ, श्वास अशा अनेक गोष्टी पाहायच्या असतात. या सगळ्यावर एका सत्रात प्रशिक्षण उभारायला गेले, तर प्रत्येक गोष्टीला दोन पडदे येतील आणि एकही काम नीट शिकवून होणार नाही. त्यातले एकच काम उचलावे: बाळाचे श्वास मोजणे. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त असतील तर ते जलद मानतात. मात्र पहिल्यांदा 60 किंवा जास्त आले, तर पुन्हा मोजायचे आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर बाळाला दवाखान्यात न्यायचे. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच थबकतो, मध्येच भरभर होतो. त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे इथे चालत नाही, पूर्ण मिनिट मोजावे लागते. काम लहान आहे, त्याला स्पष्ट सुरुवात आणि शेवट आहे, चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि चूक महागात पडते. कॅपस्टोनला असाच विषय मानवतो. पुढचे सगळे टप्पे याच उदाहरणावर पाहता येतील.

विषय पक्का करण्याआधी दोन गोष्टींची खात्री हवी. एक, शिकणारी माणसे हाताशी आहेत का. निदान दहा-बारा जणींना दोन-तीन वेळा भेटता येणार नसेल, तर विषय कितीही चांगला असो, तो सोडावा. दोन, विषयाचा जाणकार वेळ देणार आहे का. ई-लर्निंगच्या कंपन्यांत त्याला एसएमई म्हणतात. वरच्या उदाहरणात प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी किंवा अनुभवी गटप्रवर्तक हे एसएमई होत. त्यांची परवानगी पहिल्याच आठवड्यात लेखी घ्यावी. ज्याच्या ओळखीत आरोग्य खात्यातले कोणीच नाही, त्याने सोसायटीचे सुरक्षारक्षक, दूध संकलन केंद्रावरचे कर्मचारी, ग्रंथालयात नव्याने लागलेले मदतनीस असा जवळचा गट शोधावा. जवळचा साधा विषय दूरच्या भारदस्त विषयापेक्षा अधिक गुण मिळवून देतो, कारण त्यात पुरावा गोळा करता येतो.

प्रशिक्षण हवे आहे का

गरजेचे विश्लेषण हा प्रकल्पाचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. लोक एखादे काम नीट करत नाहीत, याचा अर्थ त्यांना ते येत नाही असा होत नाही. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी 1970 मध्ये यासाठी एक कसोटी मांडली: जिवावर बेतले तर त्या माणसाला ते काम जमेल का, हे विचारून पाहावे. जमणार असेल तर कौशल्य आहे आणि अडचण दुसरीकडे आहे. साधन नाही, वेळ नाही, काम बरोबर केले तरी कोणी दखल घेत नाही, असे काहीतरी. अशा अडचणीवर कितीही सुंदर कोर्स केला तरी उपयोग नसतो.

श्वास मोजण्याच्या उदाहरणात याचा एक पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले आणि घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत बसवली. 39 गावांत हे काम झाले आणि 47 गावांशी तुलना केली गेली. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी कमी झाल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच संस्थेत, फारसे मोजता न येणाऱ्या लोकांसाठी श्वास मोजण्याचे एक साधन तयार झाले: वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर श्वास जलद आहे. साठपर्यंत मोजण्याचे आणि आकडा लक्षात ठेवण्याचे ओझे साधनाने उचलले. शिकवायचे उरले ते एवढेच: बाळ शांत असावे, नजर पोटावर असावी आणि दर दहाला एक मणी सरकवावा.

कॅपस्टोन करणाऱ्याने या उदाहरणाचा बारकाईने विचार करावा. कामाचा एक भाग शिकवायचा, एक भाग साधनावर टाकायचा आणि एक भाग यंत्रणेने सांभाळायचा, अशी वाटणी विश्लेषणातूनच करता येते. श्वास मोजताना आशाताईंचा घोळ मोजण्यात होतो, की मोबाइलवरचे घड्याळ आणि बाळाचे पोट एकाच वेळी पाहण्यात होतो? दुसरे खरे असेल तर पंधरा मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा मिनिट संपले की वाजणारा टायमर जास्त कामाचा ठरेल. प्रशिक्षणाची गरज अर्धीच निघाली, असा निष्कर्ष आला तर घाबरू नये. तो प्रामाणिकपणे लिहिला आणि त्यानुसार छापील कार्ड किंवा टायमर प्रकल्पात घेतला, तर विश्लेषणाचे प्रकरण भक्कम होते.

माहिती गोळा करण्यासाठी गूगल फॉर्म पाठवून ‘तुम्हाला कोणत्या विषयाचे प्रशिक्षण हवे?’ असे विचारणे हा सोपा पण पोकळ मार्ग आहे. त्यापेक्षा दोन गृहभेटी ताईंच्या सोबतीने कराव्यात आणि काम चालू असताना गप्प बसून पाहावे. आई बाळाला पदराखाली घेऊन बसली आहे, खोलीत अंधार आहे, ताईंच्या एका हातात फॉर्म आणि दुसऱ्यात मोबाइल आहे, शेजारची दोन मुले डोकावत आहेत. हे दृश्य एकदा पाहिले की कोर्समधले उदाहरण स्वच्छ उजेडाच्या दवाखान्यात घडवले जात नाही. एसएमईला प्रश्न विचारतानाही तोच धडा लागू पडतो. ‘त्यांना काय काय माहीत असायला हवे?’ असे विचारले की ते अख्खे पाठ्यपुस्तक सांगतात. ‘तुम्ही कोणत्या चुका होताना पाहिल्या?’ असे विचारले की कामाची माहिती मिळते: बाळ रडत असताना मोजणे, अर्धे मिनिट मोजून दुप्पट करणे, श्वास आत घेणे आणि सोडणे वेगवेगळे धरून दोन मोजणे, पहिल्यांदा 60 च्या वर आकडा आला की फेरमोजणी न करणे. या चार चुका म्हणजेच कोर्सचा आराखडा.

उद्दिष्ट आणि प्रश्न

उद्दिष्ट लिहिण्याची मेगर यांची 1962 ची पद्धत आजही उपयोगी आहे. शिकणारा काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती अचूक करेल, हे तीन भाग त्यात येतात. ‘नवजात बालकाच्या श्वसनाचे महत्त्व समजेल’ हे वाक्य उद्दिष्ट म्हणून निरुपयोगी आहे, कारण समजले की नाही हे बाहेरून दिसत नाही. ‘शांत बाळाचा एक मिनिटाचा व्हिडिओ आणि टायमर दिल्यावर आशाताई श्वास मोजतील आणि त्यांचा आकडा एसएमईच्या आकड्यापासून जास्तीत जास्त दोनने इकडेतिकडे असेल’ हे वाक्य लांबलचक आहे, पण त्यावरून उद्या सकाळी चाचणी घेता येते. दोनची सूट असावी की पाचची, हे एसएमईशी बोलून ठरवावे आणि निर्णयवहीत टिपावे.

ब्लूम यांच्या 1956 च्या वर्गीकरणाची 2001 मध्ये सुधारलेली आवृत्ती सगळ्या अभ्यासक्रमांत शिकवतात. तिचा वापर उद्दिष्टांना नुसती लेबले लावण्यासाठी करू नये. उद्दिष्टातले क्रियापद आणि प्रश्नातले क्रियापद एकाच पातळीवर आहे का, हे ताडून पाहण्यासाठी ती कामी येते. उद्दिष्ट ‘मोजतील’ असे म्हणते आणि प्रश्न ‘मिनिटाला किती श्वास म्हणजे जलद? 40, 50, 60 की 80?’ असा आहे. इथे काम हातांचे आहे आणि परीक्षा पाठांतराची झाली. परीक्षक ही फट सर्वांत आधी पकडतात.

म्हणून आशय लिहिण्याच्या आधी प्रश्न लिहावेत. वरच्या प्रश्नाच्या जागी असा प्रसंग ठेवता येतो: ‘सातव्या दिवसाची भेट. बाळ नुकतेच रडून थांबले आहे. दूध नीट पिते, अंग कोमट आहे. ताईंनी मोजले, 64 आले. आता काय?’ पर्याय असे: लगेच दवाखान्यात पाठवणे, फॉर्मवर 64 लिहून पुढच्या भेटीत पुन्हा पाहणे, बाळ पूर्ण शांत झाल्यावर पुन्हा एक मिनिट मोजणे, तीस सेकंद मोजून दुप्पट करून खात्री करणे. बरोबर उत्तर तिसरे. चुकीचे तिन्ही पर्याय क्षेत्रात होणाऱ्या वर्तनातून आले आहेत, म्हणून ते खरे वाटतात. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय कुठेच नसावा. प्रत्येक चुकीच्या उत्तराला वेगळा प्रतिसाद लिहावा, कारण दुसरा पर्याय निवडणाऱ्या ताईंचा गैरसमज चौथा निवडणाऱ्यांपेक्षा वेगळा आहे. पहिला पर्याय निवडणाऱ्या ताई बाळाच्या काळजीपोटीच तसे करतात, हे प्रतिसादाच्या भाषेत दिसायला हवे.

मॉडेल आणि वेळापत्रक

प्रस्तावात एखादे मॉडेल लिहावे लागते. ॲडी ही पायऱ्यांची रचना 1975 मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणासाठी झालेल्या कामातून आली. डिक आणि कॅरी यांचे पुस्तक 1978 चे. मायकेल ॲलन यांनी 2012 मध्ये सॅम मांडले आणि त्यात लवकर कच्चा नमुना करून तो वारंवार सुधारण्यावर भर दिला. एकट्याने करायच्या कॅपस्टोनला सांगाडा ॲडीचा ठेवावा आणि कच्चा नमुना लवकर दाखवण्याची सवय सॅमकडून घ्यावी, हे सोयीचे पडते. मॉडेलची आकृती अहवालात छापून पुढे तिचा उल्लेखच न करणे मात्र टाळावे.

सोळा आठवडे मिळत असतील तर पहिले चार विश्लेषणाला, दोन उद्दिष्टे आणि प्रश्नांना, तीन स्टोरीबोर्डला, तीन निर्मितीला, दोन चाचणी आणि दुरुस्तीला आणि शेवटचे दोन अहवालाला द्यावेत. निर्मितीला तीनच आठवडे कमी वाटतात. पण स्टोरीबोर्ड पक्का असेल तर पंधरा मिनिटांच्या कोर्सला ते पुरतात, आणि तो कच्चा असेल तर सहा आठवडेही पुरत नाहीत. एसएमईची साइन-ऑफ घेण्यासाठी प्रत्येक टप्प्यावर एक आठवडा हातचा ठेवावा. पल्स पोलिओ मोहीम, लसीकरणाचा दिवस, महिनाअखेरचे रिपोर्टिंग या काळात आरोग्य केंद्रातले कोणी फोनही उचलणार नाही. हे दिवस आधीच विचारून घ्यावेत.

स्टोरीबोर्ड आणि मराठी मजकूर

स्टोरीबोर्डमध्ये प्रत्येक पडद्यासाठी चार गोष्टी लागतात: पडद्यावर दिसणारा मजकूर, निवेदन, चित्र किंवा व्हिडिओचे वर्णन, आणि शिकणाऱ्याने काही केल्यावर काय घडेल. चौथा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो आणि निर्मितीच्या वेळी तिथेच अडते. दुसऱ्या माणसाने न विचारता पडदा बनवता यावा, इतके त्यात लिहिलेले असावे.

रिचर्ड मेयर यांच्या मल्टिमीडिया शिक्षणावरच्या संशोधनातली दोन सूत्रे इथे थेट उपयोगी पडतात. निवेदन चालू असताना तेच वाक्य जसेच्या तसे पडद्यावर छापू नये, कारण डोळे आणि कान एकाच मजकुरावर अडकतात आणि चित्र पाहायचे राहते. आणि विषयाला धरून नसलेली सजावट, पार्श्वसंगीत, हलती चित्रे काढून टाकावीत. अपवादही ध्यानात घ्यावा. निवेदनाची भाषा शिकणाऱ्याची पहिली भाषा नसेल किंवा ऐकण्यात अडचण असेल, तर मजकुराचा आधार लागतो. गडचिरोलीत एटापल्ली, भामरागडकडे घरात माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या ताई असतात. त्यांच्यासाठी उपशीर्षके चालू-बंद करण्याची सोय ठेवावी.

मराठी मजकुरावर वेगळी मेहनत लागते. एसएमईने दिलेल्या पुस्तिकेत ‘नवजात अर्भकाच्या उदरभागाचे निरीक्षण करावे’ असे वाक्य असते. कोर्समध्ये ते ‘बाळाच्या अंगावरचा कपडा बाजूला करा. पोट दिसले पाहिजे’ असे व्हायला हवे. शब्द ताईंच्या तोंडचे असावेत: बाळंतीण, पोट वर-खाली होणे, धाप लागणे, रेफर करणे. लिहिलेले प्रत्येक निवेदन मोठ्याने वाचून पाहावे. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य तोडावे. संगणकाच्या आवाजाने निवेदन करायचे असेल तर जोडाक्षरे, आकडे आणि इंग्रजी संक्षेपांचे उच्चार एकेक करून तपासावेत. ‘पीएचसी’सारखा रोजचा शब्दही तो चुकीचा वाचू शकतो.

जुन्या पुस्तिका अनेकदा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. तो मजकूर ऑथरिंग टूलमध्ये चिकटवला की अक्षरांच्या जागी निरर्थक खुणा उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर रफार, अर्धा र, ऱ्य, ऱ्ह, ऑ या जागा डोळ्यांनी तपासाव्यात, कारण रूपांतरात नेमक्या त्याच बिघडतात. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ यांसारखे खुल्या परवान्याचे फाँट वापरले तर सगळ्या मोबाइलवर अक्षर सारखे दिसते.

निर्मितीतल्या अडचणी

साधनाची निवड शेवटच्या तारखेचा विचार करून करावी. आर्टिक्युलेटची चाचणी आवृत्ती 30 दिवसांची असते. पहिल्या आठवड्यात उत्साहाने ती सुरू केली, तर निर्मितीच्या वेळी मुदत संपलेली असते. ती स्टोरीबोर्डवर सही झाल्यावरच सुरू करावी आणि मुदत संपण्यापूर्वी सर्व रूपांत फाइल प्रकाशित करून ठेवावी. एचफाइव्हपी आणि मूडल ही मुक्त साधने आहेत आणि श्वास मोजण्यासारख्या कोर्सला पुरेशी आहेत: मध्येच थांबून प्रश्न विचारणारा व्हिडिओ, आकडा भरण्याची चौकट आणि प्रसंगावरचे पर्याय एवढेच तर हवे आहे.

अभ्यासक्रमाने स्कॉर्म पॅकेज मागितले असेल तर ते तयार होताच एखाद्या एलएमएसवर चढवून पाहावे, शेवटच्या रात्री नव्हे. स्कॉर्म 1.2 मध्ये शिकणारा कुठपर्यंत आला ही नोंद साठवायला 4,096 अक्षरांचीच जागा असते. पडदे आणि परस्परक्रिया फार झाल्या की ती भरते आणि मग कोर्स मध्येच बंद करून पुन्हा उघडला तर पहिल्या पडद्यावर जातो. हा दोष लेखकाच्या संगणकावर दिसत नाही, एलएमएसवरच दिसतो. त्यावर कोर्सचे दोन भाग करणे किंवा स्कॉर्म 2004 वापरणे हे उपाय आहेत.

सुलभतेसाठी डब्ल्यूसीएजी हे मानक पाहावे. त्यानुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा रंगविरोध किमान 4.5 ला 1 असावा. उन्हात उभे राहून मोबाइल पाहणाऱ्या प्रत्येकालाच त्याचा फायदा होतो. कोर्स लेखकाच्या मोठ्या पडद्यावर न तपासता शिकणाऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर, त्याच्याच नेटवर्कवर तपासावा.

बाळांचे व्हिडिओ लागतील. त्यासाठी आईवडिलांची लेखी संमती त्यांना समजेल अशा भाषेत घ्यावी, चित्रीकरण कशासाठी आहे आणि कुठे दाखवले जाईल ते सांगावे, चेहरा टाळून पोट आणि छातीच चित्रित करावी. विद्यापीठाची नीतिशास्त्र समिती असेल तर तिच्याकडे अर्ज पहिल्या महिन्यातच जायला हवा. संमती मिळाली नाही, तर एसएमईकडून आधीपासून असलेले अधिकृत प्रशिक्षण-व्हिडिओ परवानगीने वापरावेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल तर कुठे घेतली हे अहवालात स्पष्ट लिहावे. आरोग्याच्या कोर्समधला एकही आकडा एसएमईने वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

माणसांबरोबर चाचणी

डिक आणि कॅरी चाचणीच्या तीन पायऱ्या सांगतात: एकेका शिकणाऱ्याबरोबर, मग छोट्या गटाबरोबर, मग प्रत्यक्ष ठिकाणी. कॅपस्टोनमध्ये पहिल्या दोन सहज होतात आणि त्यातही पहिली सोडू नये. तीन ताईंना एकेक करून भेटावे. कोर्स अर्धवट असला तरी चालतो, किंबहुना कागदावर काढलेले पडदेही चालतात. ताईंनी वापरावे, विद्यार्थ्याने पाहावे. मध्ये मदत करण्याची इच्छा आवरावी, कारण घरी कोर्स उघडल्यावर शेजारी कोणी बसलेले नसते.

नोंद अशी असावी: ‘पडदा 4. व्हिडिओ चालू झाल्यावर ताईंनी श्वास मोजले, पण आवाज येतोय का हे पाहायला 10 सेकंद गेले. टायमर दिसला नाही, तो अंगठ्याखाली होता. 47 भरले. विचारल्यावर म्हणाल्या, सुरुवातीचे सुटले.’ या चार ओळींतून तीन दुरुस्त्या निघतात: टायमर वर घ्यायचा, मोजणी सुरू होण्याआधी तीन आकड्यांची उलटी गिनती द्यायची, आणि या व्हिडिओला आवाज नाही हे आधी सांगायचे. ‘ताईंना कोर्स आवडला, थोडी अडचण आली’ अशा नोंदीतून एकही निघत नाही. अहवालात दुरुस्तीपूर्वीचा आणि नंतरचा पडदा शेजारी शेजारी छापावा.

छोट्या गटात आठ-दहा जणी पुरतात. त्यांची कोर्सच्या आधी आणि नंतर, वेगवेगळ्या व्हिडिओंवर मोजणीची परीक्षा घ्यावी. आधीच्याच व्हिडिओवर नंतर परीक्षा घेतली तर आकडा आठवणीतून येतो.

मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्या 1959 पासून चालत आल्या आहेत: शिकणाऱ्यांना कसे वाटले, ते काय शिकले, कामात काय बदलले आणि शेवटी काय साधले. एका सत्रात पहिल्या दोन मोजता येतात. तिसरीसाठी दोन महिन्यांनी गटप्रवर्तकाने भरायची निरीक्षण-यादी तयार करून ठेवावी आणि ती अद्याप वापरलेली नाही असे नमूद करावे. चौथीबद्दल दावा करू नये. दहा जणींवरून ‘बालमृत्यू कमी होतील’ असे लिहिणे ही त्या विषयातल्या मोठ्या कामांवर अन्याय करणारी गोष्ट आहे. इतक्या लहान गटात टक्केवारीपेक्षा थेट आकडे द्यावेत: दहापैकी तिघींचा आकडा आधी अचूक मर्यादेत होता, नंतर आठ जणींचा, उरलेल्या दोघी कुठे चुकल्या. त्या दोघींबद्दलचा परिच्छेद अनेकदा अहवालातला सर्वांत वाचनीय भाग ठरतो.

अहवाल, व्हायव्हा आणि पुढे

अहवालाचा क्रम विद्यापीठ ठरवून देते. मूल्यांकनाचे निकष पहिल्याच आठवड्यात मागून घ्यावेत आणि प्रत्येक निकषासमोर पुरावा कोणत्या पानावर आहे, हे शेवटच्या आठवड्यात लिहून पाहावे. ज्या निकषासमोर पान सापडत नाही, तिथे काम बाकी आहे. परिशिष्टात मुलाखतीचे प्रश्न, संमतीपत्राचा नमुना, स्टोरीबोर्ड, चाचणीच्या नोंदी आणि एसएमईच्या साइन-ऑफ जोडाव्यात. ताईंची नावे आणि गावे वगळावीत.

व्हायव्हाला वीस मिनिटे मिळाली तर कोर्सची संपूर्ण सैर घडवू नये. पाच मिनिटांत गरज आणि उद्दिष्ट सांगावे, पाच मिनिटांत एकच परस्परक्रिया प्रत्यक्ष दाखवावी, आणि उरलेला वेळ चाचणीत काय बदलले यावर द्यावा. ‘पुन्हा केले तर वेगळे काय कराल?’ हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर निर्णयवहीतूनच यावे: अमुक तारखेला अमुक ठरवले, चाचणीत ते चुकीचे निघाले, वेळ असता तर असे केले असते. सभागृहात इंटरनेट नसेल हे धरून कोर्सची ऑफलाइन प्रत आणि दोन मिनिटांचे स्क्रीन रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर ठेवावे.

नोकरीच्या पोर्टफोलिओत प्रकल्प घालण्याआधी ज्या संस्थेत काम केले तिची परवानगी विचारावी. मिळाली नाही, तर संस्थेचे नाव आणि चित्रे काढून स्वतःची रचना, प्रश्न आणि दुरुस्त्या दाखवाव्यात. मुलाखतीत एवढे पुरते. मूळ फाइल, फाँट, आवाजाच्या फाइल आणि प्रकाशित पॅकेज एका फोल्डरमध्ये, कोणती आवृत्ती अंतिम हे नावात लिहून जपावे. तयार कोर्स आणि छापील कार्ड आरोग्य केंद्राला द्यावे आणि श्वासांचा निकष बदलला तर कोणत्या पडद्यांवर दुरुस्ती करावी लागेल, त्यांचे क्रमांक एका कागदावर लिहून सोबत द्यावेत.